दुसऱ्या हातातलं कटर

मिस्त्रींनी मशीन जमिनीवर ठेवलं नाही. स्टार्टरच्या दोरीची मूठ धरली आणि ते अख्खं धूड दोरीवर टांगलं. क्षणभर ते तसंच लटकलं, मग एक गचका खाऊन चार बोटं खाली आलं, थांबलं, पुन्हा गचका, पुन्हा थांबलं. पायरी-पायरीने विहिरीत उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.

"दम धरतंय बघा," मिस्त्री म्हणाले. "कॉम्प्रेशन हाय."

शेजारचं दुसरं मशीन त्यांनी तसंच उचललं. ते धपकन खाली आलं. "ह्याचं बोअर गेलंय. रंग नवा मारलाय, आत काय न्हाई."

कराड-पाटण रस्त्यालगतचा हा पत्र्याचा गाळा. बाहेर फवारणी पंप, गवत कापायची मशीनं, दोन पाण्याच्या मोटारी. आत फळीवर सात-आठ जुनी कटर ओळीने मांडलेली. पाटण भागातून आलेला पंचविशीतला एक पोरगा त्यांतलं एक घ्यायला आला होता. नव्या मशीनच्या निम्म्याहून कमी पैशांत काम भागेल का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

संपादकांनी यंदाच्या अंकाला 'वापरलेली वस्तू' हा विषय दिला, तेव्हा कुणी आजीच्या पेटीवर लिहील, कुणी ग्रामोफोनवर, हे मी धरून चाललो होतो. मला मात्र कटर आठवलं. पुस्तकात त्याला यंत्रकरवत म्हणतात, दुकानदार चेनसॉ म्हणतो. सातारा-सांगलीच्या गावांत ते नुसतं 'कटर' असतं. वळिवाने झाड आडवं झालं की पहिला प्रश्न येतो, "कटर कुणाकडं हाय?" आणि बहुतेक वेळा ते कटर ज्याच्याकडे असतं, त्याने ते दुसऱ्याकडून घेतलेलं असतं. जुन्या मशीनची एवढी ओढ कशाची, आणि ते खरंच किती कापतं, हे बघायला मी पंधरा दिवस या दोन जिल्ह्यांत फिरलो.

हाडापासून ओंडक्यापर्यंत

फळीवरच्या मशीनांत सर्वांत मोठं होतं ते स्टिल कंपनीचं ०७०. हे मॉडेल १९६८च्या सुमाराचं. आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये धंदा सुरू केला, तेव्हाची यंत्रकरवत उचलायला दोन माणसं लागत. एका माणसाने चालवायचं पेट्रोलचं मशीन त्यांनी १९५० मध्ये आणलं. त्याच्याही बरंच आधी, १८३०च्या सुमाराला, जर्मनीतच बर्नहार्ड हाइने नावाच्या कारागिराने हाड कापण्यासाठी हाताने फिरवायची साखळी-करवत बनवली होती. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची ती कल्पना पुढे शंभर वर्षांनी जंगलात पोचली.

०७०चं इंजिन शंभर सी.सी.च्या थोडं वर. म्हणजे एका मोटारसायकलचं इंजिन हातात धरून माणूस झाडाला भिडतो. ताकद साडेसहा अश्वशक्तीच्या आसपास. पट्टी आणि साखळी न लावताच वजन अकरा किलोंच्या वर. आज दुकानात मिळणारं साधारण साठ सी.सी.चं चांगलं मशीन साडेपाच-सहा किलोंचं असतं आणि साडेचार अश्वशक्ती देतं. किलोमागे ताकद मोजली तर नवंच सरस. मग जुन्याचं कौतुक कशासाठी?

"नवं मशीन पोरगं हाय," मिस्त्री म्हणाले. "पळतंय लई. हे म्हातारं वढतंय."

यामागे साधं यांत्रिक गणित आहे. नवं मशीन लहान पिस्टनातून, जास्त फेऱ्यांवर ताकद काढतं. हात थोडा जोरात दाबला की फेऱ्या पडतात आणि साखळी रडायला लागते. जुन्याचा पिस्टन मोठा, फेऱ्या कमी, पण प्रत्येक फेरीतला रेटा भक्कम. जाड बुंध्यात लांब पट्टी बुडवली तरी ते आवाज न बदलता चालत राहतं.

वाळलेली बाभूळ, ओली निलगिरी

हे प्रत्यक्ष बघायला मी जतच्या बाजूला गेलो. बांधावरच्या वाळलेल्या बाभळी तोडायच्या होत्या. ठेकेदाराकडे दोन्ही मशीनं होती, एक जुनं थोरलं, एक नवं हलकं. बाभळीचा गाभा वाळला की दगडासारखा होतो, कुऱ्हाड त्यावरून टणकन उडते. बुंध्याला थोरलं लागलं तेव्हा त्याचा आवाज बसका आणि एकसारखा होता, भुसा जाड चुऱ्याने पडत होता. त्याच बुंध्यावर नवं लावलं तर कापणाऱ्याला दोनदा मागे घेऊन दम द्यावा लागला. जाड लाकडात म्हातारं जिंकलं, यात वाद नाही.

पण झाड आडवं झाल्यावर चित्र पालटलं. फांद्या सोलायच्या वेळी थोरलं मशीन कुणी हातात घेईना. वाकायचं, उचलायचं, बाजू बदलायची, पुन्हा वाकायचं. अकरा-बारा किलो घेऊन हे दिवसभर करणारा माणूस दुसऱ्या दिवशी उठत नाही. तिथं नवं हलकं मशीन सरासर चाललं. आणि झाडतोडीत खरा वेळ जातो तो फांद्यांतच. बुंध्याचा काप मिनिटांचा, फांद्यांचं काम तासांचं.

बाभळीला निदान आतून ताण नसतो. वाळव्याच्या बाजूला बांधावर निलगिरी तोडताना पाहिली, तिथं कापणाऱ्याची खरी परीक्षा. निलगिरीच्या उभ्या धाग्यांत ताण साठलेला असतो. घाईने मागून काप घेतला तर बुंधा उभा फाटतो आणि फाटलेला भाग कापणाऱ्याकडे झेपावतो. म्हणून जाणता माणूस आधी पडायच्या बाजूने तिरकी खाच घेतो, बुंध्याच्या चौथाई-तिहाईपर्यंत. मग मागून, खाचेच्या थोडं वर, आडवा काप. मध्ये बुंध्याच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी न कापता ठेवायची. ती दाराच्या बिजागरीसारखी काम करते, झाड तिच्यावर वळून ठरल्या जागी बसतं. मशीन जुनं की नवं, याने इथं फरक पडत नाही. बिजागरी ठेवायची अक्कल मशीनबरोबर विकत मिळत नाही.

किड्याकडून शिकलेले दात

कटर चालत नाही म्हणून जो दुकानात येतो, त्याचं बहुतेक वेळा इंजिन चांगलं असतं. बिघाड साखळीत असतो. भुसा चुऱ्याऐवजी पिठासारखा पडू लागला की दात बोथटले समजायचं. तरी माणूस धार लावत नाही, मशीन दाबतो. दाबलं की तापतं, तापलं की पिस्टन धरतो, मग मिस्त्रीकडे.

साखळीचे दात एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूला वळलेले असतात. ही रचना सुचली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जोसेफ कॉक्स यांना. १९४६ साली जळाऊ लाकूड फोडताना त्यांनी लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आडवं-उभं कसंही, दोन्ही जबड्यांनी आळीपाळीने लाकूड कापत पुढे जात होती. कॉक्स यांनी तोच जबडा पोलादात उतरवला. आज जगातल्या बहुतेक साखळ्या त्या अळीचीच नक्कल आहेत.

प्रत्येक दातापुढे एक छोटी गाठ असते. दात किती खोल घुसावा हे ती ठरवते. दात घासून घासून खाली गेला आणि ही गाठ तशीच उंच राहिली, तर कितीही धार असो, दात लाकडाला शिवतच नाही. उलट ती फार खाली घासली तर दात अडकून मशीन हातात उसळतं. साडेपाच मिलिमीटरची गोल कानस, तीस अंशांचा कोन, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात. मिस्त्री हे बोलत-बोलत करतात. त्यांच्या कानशीचा 'खर्र' आवाज दर वेळी एकाच दिशेने येतो, मागे येताना कानस दाताला टेकत नाही.

आपल्याकडे या दातांचा खरा शत्रू खिळा. रस्त्याकडेच्या वडाला फ्लेक्सचे खिळे, चिंचेला नवसाचे, बांधावरच्या लिंबाला तारेच्या कुंपणाचे. खोड वाढत जातं तसा खिळा आत गडप होतो, वरून दिसत नाही. मिनिटाला सात हजार फेऱ्या घेणाऱ्या सात दातांच्या चक्रावरची जाड साखळी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पळते, म्हणजे तासाला साठ किलोमीटर. त्या वेगात लपलेला खिळा आला की एका ठिणगीत दोन-चार दात गेले. म्हणून मिरजेच्या एका वखारीत गावठाणातलं लाकूड म्हटलं की दर पडतो, रानातलं म्हटलं की चढतो.

लूना गेली, कान राहिले

कटरचं इंजिन टू-स्ट्रोक. झडपा नाहीत, ऑईलचा वेगळा साठा नाही. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, तेच आत जाऊन वंगण होतं आणि जळून धूर होतं. कार्बोरेटरात तरंगणारा गोळा नसतो, त्याऐवजी रबराचा पातळ पडदा. म्हणून मशीन आडवं धरा, उलटं धरा, ते बंद पडत नाही. एवढ्या साध्या इंजिनाला जुळवायला संगणक लागत नाही, कान लागतो. पूर्ण रेस दिल्यावर आवाज किंचित भरडा, अडखळता यावा, मग लाकडात घातल्यावर तो साफ व्हावा. सुरुवातीलाच आवाज फार गोड लागला तर पेट्रोल कमी पडतंय आणि पिस्टन लवकरच भाजणार.

हा कान मिस्त्रींना कुठून आला? "लूनातून," ते हसले. काइनेटिकची लूना १९७२ साली आली, जोडीला राजदूत, येझदी, बजाजच्या स्कूटरी होत्याच. एक अख्खी पिढी टू-स्ट्रोकच्या आवाजावर पोट भरत होती. धुराचे नियम कडक होत गेले तशा त्या गाड्या संपल्या, पोरं फोर-स्ट्रोक शिकली. तो कान आता जिवंत आहे तो कटरात, गवत कापायच्या मशीनात आणि तासगावच्या द्राक्षबागांतल्या पाठीवरच्या फवारणी पंपात.

या मुलखाला यंत्र उघडून बघायची सवय तशी जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, कारखाना काढला. लोखंडी नांगराने जमीन बिघडते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी तो नांगर उतरवायला त्यांना आधी बरीच वर्षं खपावं लागलं होतं. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर झाले, पुढे डिझेल इंजिनं झाली. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ पासून काच आणि नंतर प्रभाकर कंदील बनू लागले. या कारखान्यांनी माणसं घडवली, पण त्याहून जास्त माणसं विहिरींनी घडवली. काठावरचं इंजिन बंद पडलं की उभा ऊस वाळतो, तेव्हा कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायला वेळ नसतो. प्रत्येक गावात एक तरी जण पाना घेऊन ते खोलायला शिकला. जुन्या कटरची ओढ आहे ती या खोलण्याची. चार स्क्रू काढले की सगळं डोळ्यांपुढे. पिस्टन मिळतो, रिंग मिळते, नकली का होईना सुटा भाग मिळतो. जे आपल्याला उघडता येतं, ते आपलं वाटतं.

घरच्या उसाचा दंश

पण या म्हाताऱ्याला एक नवा रोग लागलाय आणि त्याचं मूळ इथल्याच उसात आहे. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचा टप्पा देशाने २०२२ मध्ये गाठला, २०२५ मध्ये तो वीस टक्क्यांवर गेला. या दोन जिल्ह्यांतल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी त्यात भर घातली आणि ऊसवाल्याला त्याचा फायदाही आहे. जुन्या मशीनच्या रबराला मात्र इथेनॉल मानवत नाही. कार्बोरेटरातला पडदा ताठरतो, नळी चिकट होऊन फुगते.

त्याहून वाईट ते पुढे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात कॅन महिनाभर पडून राहिला की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. मिसळलेलं ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतली नळी नेमकी तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला वंगण नसलेलं पाणी पाजलं जातं आणि पिस्टन धरतो. गिऱ्हाईक म्हणतं, मशीन जुनं होतं म्हणून गेलं.

मिस्त्रींचा उपाय सरळ आहे. लागेल तेवढंच मिसळा, आठवड्यात संपवा, काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेस्तोवर चालवा. चांगलं टू-स्ट्रोक ऑईल असेल तर लिटरला वीस मिली, साधं असेल तर चाळीस. "गाडीचं जळकं ऑईल साखळीला घालत्यात," ते म्हणाले, "आनी मग पट्टी खाल्ली म्हणून रडत्यात." जळक्या ऑईलात लोखंडाचा कीस असतो. वंगण म्हणून घातलेलं ते कानशीचं काम करतं.

आवाज दरीभर जातो

कटर आलं तसं झाड तोडणं सोपं झालं, ही गोष्ट बाजूला ठेवून त्याचं कौतुक करता येणार नाही. पूर्वी दोघांनी ओढायच्या करवतीने एक थोरलं झाड पाडायला दिवस जायचा. त्या दिवसात शेजारी यायचे, भांडायचे, तलाठ्यापर्यंत बातमी जायची. आता चहा होईस्तोवर झाड आडवं. १९६४च्या राज्याच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत हिरडा, साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ अशी सोळा झाडं आहेत. स्वतःच्या रानात असली तरी ती तोडायला परवानगी लागते. जाणता ठेकेदार आधी कागद मागतो, मगच दोरी ओढतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या बाजूच्या गावांत जुन्या कटरचा आवाज दरीपलीकडे ऐकू जातो, चोरून केलेली तोड लपत नाही, आणि तिथं त्याची हीच एक खोड चांगली म्हणायची.

त्याच आवाजाची लोकांनी वाटही पाहिली आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाववर डोंगर कोसळला. रस्ते झाडांनी आणि मातीने अडले होते. पाटण भागातल्या एका जुन्या कापणाऱ्याने मला सांगितलं, "त्या पावसात नवं-जुनं कुणी बघितलं न्हाई. जे चालू झालं ते घेऊन गेलो."

मामांची बोटं

हा कापणारा म्हणजे गाळ्यावर विकायला ठेवलेल्या ०७०चा मालक. गावात त्यांना मामा म्हणतात. पंचवीस वर्षं त्यांनी हेच मशीन चालवलं. मी गेलो तेव्हा सकाळची वेळ होती, हवेत गारवा होता. मामांनी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटांनी नव्हे.

"बोटं बधिर व्हत्यात," ते म्हणाले. "थंडीत पांढरी पडत्यात. शर्टाचं बटण मालकीण लावून देती."

हा आजार जगभरच्या जंगल कामगारांना माहीत आहे. मशीनचा कंप वर्षानुवर्षं हातात जात राहिला की बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. थंडीत रक्त पोचत नाही, बोटं पांढरी पडतात. एकदा पुढे गेलेला हा आजार मागे फिरत नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत परदेशात कटर चालवणाऱ्यांत तो ध्यानात आला, तेव्हा मुठी इंजिनापासून रबराने किंवा स्प्रिंगने वेगळ्या करण्यात आल्या, हळूहळू ते सगळीकडे रूढ झालं. मामांच्या मशीनला तशा मुठी नाहीत. इंजिन आणि हात एकाच लोखंडाने जोडलेले आहेत.

आणि एक गोष्ट त्याला नाही. साखळीचा ब्रेक. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की साखळी तिथं चावत नाही, चढते, आणि अख्खं मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत कापणाऱ्याच्या तोंडाकडे उडतं. १९७०च्या दशकात आलेला ब्रेक अशा वेळी पुढच्या मुठीसमोरच्या ढालीला धक्का लागताच साखळी थांबवतो. मामांच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक जुनी पांढरी रेघ आहे. त्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पंधरा दिवस मी जुन्या मशीनची तारीफ ऐकत होतो आणि ती खोटी नव्हती. पिस्टन बदलतो, पडदा बदलतो, साखळी नवी येते, पन्नास वर्षांपूर्वीचं मशीन आजही बाभळीत घुसतं. त्या सगळ्या हिशोबात एकच सुटा भाग दुकानात मिळत नव्हता, तो मामांच्या मनगटाला जोडलेला होता.

घ्यायचं तर असं घ्या

पोरग्याने शेवटी काय घेतलं? मिस्त्रींनी त्याला ०७० दिलं नाही. "हे वखारवाल्याला जाईल," ते म्हणाले. "खाली ठेवून ओंडके पाडायला. डोंगरात न्यायला न्हाई." त्याला त्यांनी दुसऱ्या कंपनीचं, पंधरा वर्षांचं, साठ सी.सी.चं वापरलेलं मशीन दिलं. त्याला ब्रेक होता, मुठींखाली रबर होतं. त्याचा सायलेन्सर खोलून त्यांनी पोरग्याला पिस्टन दाखवला, उभे ओरखडे नाहीत याची खात्री करून दिली. मोकळं सोडल्यावर साखळी आपोआप सरकत नाही, हे दाखवलं. कागदासमोर पट्टीचं टोक धरून रेस दिली, तेव्हा कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली. मग ढाल पुढे ढकलून चालू साखळी जागच्या जागी थांबवली. पोरग्याने पैसे मोजले, पण मिस्त्रींनी मशीन लगेच दिलं नाही. आधी त्याला कानस हातात देऊन दोन दात घासायला लावले.

दिवाळी झाली की तोडीचा हंगाम सुरू होतो, बांधाबांधावर ही मशीनं बोलू लागतात. वाचकांपैकी कुणाला जुनं कटर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, इंजिन जुनं चालेल. ब्रेक आणि कंप शोषणाऱ्या मुठी नसतील तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. आणि दोरीवर टांगून दम बघायच्या आधी, ते विकणाऱ्याचे हात एकदा बघून घ्या.